पाच मीटर पाणी आणि रोखलेला श्वास

नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याचा रस्ता फुटतो. दिवाळीची सुट्टी लागली की याच रस्त्याने कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. पूर्वी या गाड्या गणपतीपुळे, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचा किनारा एवढे पाहून परतत. आता मालवणला गेलेला पाहुणा आणखी एक गोष्ट करून येतो. तो पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळाशी जाऊन येतो. या खेळाचे नाव स्कूबा डायव्हिंग. मालवणच्या जाहिरातींत एक आश्वासन हमखास असते : 'पोहता येत नसले तरी चालेल, पाणी फक्त पंधरा-वीस फूट आहे.'

शाळेच्या सहलीत मुलांना पाण्यात उतरवावे की नाही हा वेगळा प्रश्न. पण घरच्यांबरोबर सुट्टीत मालवणला गेलेली मुले आपल्या वर्गात आहेतच, आणि शिक्षकही जातात. म्हणून या आश्वासनातील 'फक्त' हा शब्द तपासून पाहू या. पंधरा-वीस फूट, म्हणजे पाच-सहा मीटर. दुमजली घराच्या उंचीइतके पाणी. एवढ्या उथळ पाण्यात धोका तो कसला, असे कोणालाही वाटेल. भौतिकशास्त्र मात्र वेगळे सांगते.

आधी जागा समजून घेऊ. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्यावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले. तटाभोवतीच्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळ वाढतात, त्यांच्या आसऱ्याला रंगीत मासे राहतात. १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर झाले. अंदमान किंवा लक्षद्वीपसारखे नितळ पाणी येथे मिळत नाही. नद्यांचा गाळ आणि लाटांनी ढवळलेली वाळू यांमुळे ते अनेकदा गढूळ असते, आणि पावसाळ्यात तर हा सारा व्यवहार बंदच ठेवावा लागतो. काचेच्या मुखवट्यातून पाहताना वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांशावर असल्यासारख्या दिसतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याचा हा परिणाम. वीतभर मासा म्हणूनच चांगला मोठा वाटतो, आणि वर आल्यावर सांगताना आणखी वाढतो, ते निराळे! प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत, सजीवांच्या वसाहती आहेत. त्यांच्यावर पाय देऊन उभे राहणे किंवा फोटोत माशांची गर्दी दिसावी म्हणून पावाचा चुरा सोडणे या गोष्टी अभयारण्यात शोभत नाहीत. पाहुण्यांनी स्वतःच त्याला नाही म्हटले तर बरे.

आता दाबाकडे वळू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १ वातावरण असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो वजन. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीला हा दाब आणखी १ वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३, तीस मीटरवर ४. वाढ सारखीच आहे. पण तिची पट पाहा. पहिल्या दहा मीटरांत दाब दुप्पट झाला. पुढच्या दहांत दीडपट. त्यापुढच्या दहांत फक्त सव्वापटीच्या जरा वर. वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा बॉईलचा नियम आपण शिकवतो. तो या आकड्यांना लावला की लक्षात येते, वायूच्या आकारमानात सर्वांत मोठी उलथापालथ होते ती पृष्ठभागाजवळच्या दहा मीटरांत. मालवणचे पाहुणे नेमके त्याच पट्ट्यात असतात.

शरीराचा बहुतेक भाग पाण्याचाच, आणि पाणी दाबले जात नाही. त्यामुळे हातापायांना काही जाणवत नाही. प्रश्न येतो तो हवा भरलेल्या पोकळ्यांचा : फुफ्फुसे, मधला कान आणि कपाळ-गालांच्या हाडांतील पोकळ्या.

चित्रपटांतला नायक बोरूची पोकळ काडी तोंडात धरून तळ्यात लपतो. लांब नळी घेऊन खोलवर असेच श्वास घेता येईल का? विद्यार्थ्यांना गणित करायला सांगा. एक मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम. छाती-पोटाचा पुढचा भाग हजार चौरस सेंटिमीटर धरला तर त्यावर १०० किलोचा भार पडला. नळीतली हवा मात्र पृष्ठभागाच्याच दाबाची. हा भार उचलून छाती फुगवणे काही क्षणांपलीकडे जमत नाही. म्हणूनच पृष्ठभागावर तरंगत खाली पाहण्याची नळी जेमतेम हातभर असते.

खोलवर श्वास घ्यायचा तर हवाही तेवढ्याच दाबाची मिळायला हवी. ही किमया करणारी झडप झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ साली सिद्ध केली. पाणबुड्याने श्वास ओढला की ती उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देते. पाठीवरच्या नळकांड्याला वर्तमानपत्रे सर्रास 'ऑक्सिजनचे सिलिंडर' म्हणतात, ते चूक आहे. त्यात साधी, गाळून कोरडी केलेली हवा दाबून भरलेली असते. शुद्ध प्राणवायू तर सुमारे सहा मीटरच्या खाली विषासारखा वागू लागतो आणि झटके आणू शकतो. बारा लिटरच्या नळकांड्यात २०० वातावरण दाबाने हवा भरली, तर पृष्ठभागाच्या दाबाची २४०० लिटर हवा झाली. मिनिटाला २० लिटर लागते असे धरले तर ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल, दहा मीटरवर एक तास आणि वीस मीटरवर चाळीस मिनिटे. असे का, हे मुलांनाच सांगू द्यावे.

समजा, एक पाहुणा सहा मीटर खोल आहे. तेथील दाब १.६ वातावरण. त्याने नळकांड्यातून छातीभर, म्हणजे ५ लिटर श्वास घेतला. इतक्यात मुखवट्यात थोडे पाणी शिरले, तो घाबरला, श्वास रोखून धरला आणि पाय मारत वर निघाला. पृष्ठभागावर दाब १ वातावरण. त्या ५ लिटर हवेला आता ८ लिटर जागा हवी, आणि फुफ्फुसे तर आधीच भरलेली आहेत. मग नाजूक वायुकोश फाटतात. हवा फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत शिरली तर फुफ्फुस मिटते. रक्तात शिरली तर बुडबुडे मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडकून माणूस पाण्याबाहेर येताच बेशुद्ध पडू शकतो. तीस मीटरवरून चोविसावर येणारा पाणबुड्यादेखील सहा मीटरच चढतो. पण त्याच्या ५ लिटरांचे ६ लिटरही होत नाहीत. छाती पूर्ण भरलेली असताना श्वास रोखला, तर सव्वा-दीड मीटर वर येणेही फुफ्फुसाला इजा करायला पुरते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी एक शंका काढील. रामकुंडात पैसे वेचायला बुड्या मारणारी मुले तर श्वास रोखूनच खाली जातात आणि वर येतात, त्यांना काही कसे होत नाही? शंका अगदी रास्त आहे. ती मुले श्वास घेतात पृष्ठभागावर, १ वातावरण दाबाला. खाली गेल्यावर ती हवा आक्रसते, वर आल्यावर मूळच्या आकारमानाला येते. मूळच्यापेक्षा जास्त कधीच होत नाही. स्कूबा करणारा खाली असताना, वाढलेल्या दाबाची हवा घेतो. सारा फरक एवढाच आहे, आणि तो जीवनमरणाचा आहे. विहिरीत पोहायला शिकताना आपल्याला 'श्वास धर' असेच शिकवलेले असते. ती सवय येथे उलटते. पोहता येणाऱ्यालाही म्हणूनच हे समजावून सांगावे लागते : नळकांड्यातून श्वास घेत असताना तो कधीही रोखायचा नाही, आणि वर येताना तर संथपणे सोडत राहायचा.

मालवणात अशा हौशी पाहुण्याबरोबर प्रशिक्षक असतो आणि बहुधा तोच त्याला धरून खाली-वर नेतो. त्यामुळे बहुतेकांची सफर सुखरूप होते. पण पाहुण्याची छाती प्रशिक्षकाच्या ताब्यात नसते. पाण्यात उतरण्यापूर्वी उथळ जागी उभे करून श्वास कसा घ्यायचा, मुखवट्यात पाणी आले तर काय करायचे आणि हाताच्या खुणा कोणत्या, हे शिकवले जाते का, एका प्रशिक्षकाकडे किती जण दिले आहेत, दमा किंवा सर्दी आहे का असे कोणी विचारते का, हे पाहूनच नाव नोंदवावे. आमच्या मते दर आणि फोटो किती मिळणार यांच्या चौकशीआधी हे प्रश्न यावेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाचे रीतसर शिक्षण देणारी संस्था उभारली आहे, हेही ठाऊक असावे.

कानाचे थोडक्यात सांगतो. एक-दोन मीटर खाली जाताच पडदा आत ढकलला जाऊन दुखू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की घशाकडून कानात हवा जाते आणि दाब सारखा होतो. सर्दीत ही वाट बंद असते, म्हणून सर्दी असताना उतरूच नये. दुखू लागल्यावर 'थोडे सहन करू' म्हणणारे पडदा फाडून घेतात.

राहिला नायट्रोजन. गोटी सोड्याची बाटली उघडली की फसफसून बुडबुडे येतात; दाबाखाली विरघळलेला वायू दाब कमी होताच बाहेर पडतो. वर्गात हे दाखवायला सोडा-वॉटर आणि सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी पुरे. थोडा सोडा ओढा, टोक बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे खेचा. दाब जास्त तर वायू जास्त विरघळतो, हा हेन्रीचा १८०३ सालचा नियम. पाणबुड्याच्या रक्तात आणि चरबीत याच नियमाने नायट्रोजन मुरतो. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिले की, दाब एकदम उतरला तर हाच नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून सांधे आखडवतो, पांगळेपणा आणतो, प्रसंगी जीवही घेतो.

किती वेगाने वर यावे याची शास्त्रीय कोष्टके इंग्लंडच्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून तयार केली. ती १९०८ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन वडिलांच्या या कामात तेराव्या वर्षीच पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरले होते. पुढे १९५७ साली ते भारतात आले आणि इथलेच झाले. थोरल्या हॉल्डेनना आढळले की दाब निम्म्यावर आला तरी शेळ्यांना सहसा त्रास होत नाही. दोनचा एक, म्हणजे दहा मीटरवरून थेट वर. पुढे हा हिशोब थोडा सैल ठरला, तरी सहा मीटरवर वीस-पंचवीस मिनिटे राहणाऱ्याच्या शरीरात नायट्रोजन मुरतो तो थोडाच, हे खरे. मालवणच्या हौशी पाहुण्याला नायट्रोजनपेक्षा रोखलेल्या श्वासाची भीती अधिक आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

मात्र नाशिककराला एक अधिकची भानगड आहे. त्याचे 'वर येणे' समुद्राच्या पृष्ठभागावर संपत नाही! सकाळी बुडी मारली, दुपारी सुरमईचे जेवण झाले आणि गाडी निघाली, की दोन-अडीच तासांत ती फोंडा घाट चढू लागते. घाटमाथा आणि नाशिक दोन्ही समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा ७ टक्क्यांनी कमी असतो. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर आणखी ७० सेंटिमीटर वर आल्यासारखे झाले. वाटेत महाबळेश्वर केले तर उंची साडेतेराशे मीटर, दाबातील घट १५ टक्के, म्हणजे दीड मीटर. विमानात तर कक्षातला दाब २४०० मीटर उंचीवरल्या इतका उतरू शकतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी : एकदाच साधी बुडी मारली असेल तर विमानात बसण्यापूर्वी निदान १२ तास थांबावे, आणि एकाच दिवशी अनेक किंवा सलग काही दिवस बुड्या मारल्या असतील तर १८ तास. ही शिफारस ६१० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी धरली जाते. फोंडा घाट आणि नाशिक अगदी तिच्या उंबरठ्यावर बसतात, महाबळेश्वर सरळ आत. एका उथळ बुडीनंतर घाट चढला म्हणून कोणी आजारी पडेल असे नव्हे. पण मुक्कामाचा बेत आपल्याच हातात असतो. बुडी पहिल्या दिवशी, रात्रीचा मुक्काम मालवणात आणि घाट दुसऱ्या दिवशी, एवढा बदल करायला पैसेही लागत नाहीत. परतल्यावर सांधे दुखू लागले, अंगाला मुंग्या आल्या किंवा तोल जाऊ लागला, तर डॉक्टरांना बुडीची गोष्ट आवर्जून सांगावी. नाशिकच्या डॉक्टरांच्या ती सहजासहजी ध्यानात यायची नाही.

न बुडताही ही ७ टक्के घट पाहता येते. निघताना द्वारका चौकात पाण्याची रिकामी, पातळ प्लॅस्टिकची बाटली घट्ट बूच लावून बंद करा आणि मालवणला पोचल्यावर पाहा. ती चेपलेली दिसेल. मालवणची हवा नाशिकपेक्षा दहा अंशांनी उष्ण असेल, तर आतली हवा सुमारे ३ टक्के प्रसरण पावून हा परिणाम निम्म्याजवळ झाकून टाकील. म्हणून दोन्हीकडचे तापमान टिपून ठेवा. परतीच्या वेळी दुसरी बाटली मालवणात बंद करा. घाटमाथ्यावर तिच्या भिंती ताठ झालेल्या असतील, आणि बूच हळूच फिरवले की फुस्स करून हवा बाहेर येईल.