जिंजरब्रेडची भट्टी आणि राष्ट्रीय उत्पन्न

नाताळचा सण जवळ येऊ लागला की जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, इंग्लंड, अमेरिका अशा देशांतील घराघरांतून सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ यांचा संमिश्र दरवळ येऊ लागतो. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर भाजणीचा वास जे सांगतो, तेच तेथे हा दरवळ सांगतो. सण आला, आणि घरातील कोणाची तरी दोन दिवसांची विश्रांती गेली. भट्टीतून निघणाऱ्या या तपकिरी बिस्किटांना माणसांचे, ताऱ्यांचे, हृदयाचे आकार दिलेले असतात. त्यांवर पांढऱ्या साखरेची नक्षी काढतात आणि काही बिस्किटे दोऱ्यात ओवून नाताळच्या झाडाला टांगतात. इंग्रजीत यांस जिंजरब्रेड म्हणतात. ही प्रथा घराइतकीच जुनी आहे असे तेथील लोक मानतात. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्ष घालावे असे बरेच काही आहे.

प्रथम नावाविषयी. जिंजरब्रेडमध्ये आले असले तरी तो ब्रेड मात्र नव्हे. जुन्या फ्रेंच भाषेत साखरेत वा मधात मुरवलेल्या आल्याला 'जँजाँब्रास' अशा धर्तीचे नाव होते. इंग्रजांच्या तोंडी त्याच्या शेपटाचा 'ब्रेड' झाला आणि पुढे नावाला साजेसा पदार्थही तयार झाला. या शब्दाचा माग काढत मागे गेले की लॅटिनमधील 'झिंजिबर', पालीतील 'सिंगिवेर' आणि संस्कृतातील 'शृंगवेर' लागते. त्याही मागे भाषाशास्त्रज्ञ एका द्राविड शब्दाकडे बोट दाखवतात. म्हणजे बर्फाळ युरोपातील या खाऊचे नावही मसाल्याच्याच वाटेने दक्षिण हिंदुस्थानातून तेथवर गेले आहे.

ती वाट स्वस्त नव्हती. मलबारच्या बंदरांतून निघालेला माल अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून ईजिप्तमध्ये, तेथून व्हेनिसला आणि मग आल्प्स पर्वताच्या खिंडींतून जर्मन शहरांत पोहोचे. प्रत्येक टप्प्यावर जकात होती, नफा होता. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांसाठी एक स्वतंत्र वखार होती आणि तेथे न्यूर्नबर्गच्या व्यापाऱ्यांचे मोठे वजन होते. या न्यूर्नबर्गच्या सभोवती शाही अरण्य पसरलेले होते. तेथे मध गोळा करणाऱ्यांना सम्राट चौथा चार्ल्स याने १३५० साली विशेष हक्क दिले. एका बाजूने मसाला आला, दुसऱ्या बाजूने मध आला, आणि त्यांच्या संगमावर 'लेबकुखेन' नावाचा जर्मन जिंजरब्रेड भरभराटीस आला. त्या शहराच्या कागदपत्रांत लेबकुखेन बनवणाऱ्या कारागिराचा उल्लेख १३९५ पासून सापडतो.

हा पदार्थ त्या काळी घरचा नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. तो व्यावसायिक कारागिराचा होता आणि कोणी काय भाजावे यावर नगरपरिषदेची करडी नजर असे. १६४३ साली न्यूर्नबर्गच्या लेबकुखेनवाल्यांना सामान्य पाववाल्यांपासून वेगळा, स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली. मक्तेदारीचे पाठ्यपुस्तकातील सारे गुण या व्यवस्थेत आढळतात. प्रवेशावर बंधन होते, मालाच्या दर्जाचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाच्या आडून किंमतही टिकवता येत असे. या मक्तेदारीची छाया आजही पुसलेली नाही. युरोपीय संघाने १९९६ मध्ये 'न्यूर्नबर्गर लेबकुखेन' या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. त्या शहराच्या हद्दीबाहेर केलेल्या मालाला ते नाव लावता येत नाही. अर्थात हापूस आंब्यासाठी असाच खटाटोप केलेल्या कोकणातील बागायतदारांना यात नवल वाटणार नाही.

मग हा खाऊ घरात शिरला कसा? भावनेपेक्षा भावाने त्याला घरात आणले, असे म्हणता येईल. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतरच्या शतकांत मसाल्याच्या व्यापाराचे स्वरूप पालटत गेले. मसाला ही श्रीमंती मिरवण्याची वस्तू हळूहळू वाण्याच्या दुकानात येऊन बसली. गोडीची कथा मात्र अधिक काळी आहे. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले. साखर युरोपला जाई, आणि ती काढून उरणारी काकवीसारखी मळी उत्तर अमेरिकेतील वसाहतींच्या वाट्याला येई. तिची तेथे रम नावाची दारू होई (मळी आणि दारू यांचे नाते कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही) आणि गरिबांच्या घरी तिनेच खाऊ गोड होई. अमेलिया सिमन्स या बाईंचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे निघाले. अमेरिकन लेखिकेने लिहून अमेरिकेत छापलेले ते पहिले पाकपुस्तक मानले जाते. त्यात मळी घालून केलेल्या जिंजरब्रेडची कृती आहे आणि पीठ फुगवण्यासाठी लाकडाच्या राखेपासून काढलेल्या क्षाराचा वापरही आहे. न्यूर्नबर्गच्या कारागिराने राखलेला पदार्थ येथे सामान्य गृहिणीच्या हाती आला. त्या स्वस्ताईची किंमत ज्यांनी चुकवली त्यांचे नाव कोणत्याही पाककृतीत नाही. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ पासून गुलामी संपुष्टात येऊ लागली, तेव्हा उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. मॉरिशसमधील मराठी समाज हा त्याच इतिहासाचा जिवंत पुरावा आहे.

जर्मनीत गोडी आणखी एका मार्गाने स्वस्त झाली. मार्गग्राफ या बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली बीटात साखर असल्याचे दाखवून दिले, आणि त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ मध्ये सायलेशियात बीट-साखरेचा पहिला कारखाना उभारला. एकोणिसाव्या शतकात ही साखर मुबलक झाली आणि घरोघरी लोखंडी चुलवणे आली. तोवर पुष्कळ घरांना स्वतःची भट्टीच नव्हती. १८१२ मध्ये ग्रिम बंधूंच्या संग्रहात छापल्या गेलेल्या हान्सेल आणि ग्रेटेल यांच्या कथेत जंगलातील चेटकिणीचे खाण्याजोगे घर आहे. उपाशी मुलांची ही कथा पुढे जिंजरब्रेडच्या घरांशी जोडली गेली. तिच्यावर हुम्परडिंक याने रचलेली संगीतिका १८९३ च्या नाताळाच्या दोन दिवस आधी वायमार येथे प्रथम रंगभूमीवर आली. भुकेने व्याकूळ झालेल्या मुलांची गोष्ट सांगत पोटभर जेवलेली मुले बिस्किटांची घरे बांधू लागली, ही समृद्धीची एक विलक्षण खूण म्हटली पाहिजे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, कारण माझा मुद्दा तेथेच आहे. पीठ, लोणी, साखर, काकवीसारखा गडद पाक, सोडा आणि मसाल्याची पूड एकत्र मळतात. हा गोळा चिकट असतो. तो झाकून रात्रभर थंड ठेवावा लागतो. तसे केल्याने लोणी घट्ट होते, पिठात ओलावा मुरतो आणि भट्टीत आकार पसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटायची, साच्याने आकार कापायचे, उरलेल्या कडा पुन्हा मळून पुन्हा लाटायच्या. सुमारे १८० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटे भाजायचे आणि तेवढा वेळ भट्टीवरची नजर ढळू द्यायची नाही. बिस्किटे बाहेर काढताना मऊच असतात, गार होताना कडक होतात. ती कडक होईतो भट्टीतच ठेवणाऱ्याच्या पदरी करपट कडा येतात. मग अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून आयसिंग करायचे. रेघांसाठी ते दाट हवे, आतला भाग भरण्यासाठी थोडे पाणी घालून सैल हवे. प्रत्येक रंगाची वाटी वेगळी, आणि एक रंग वाळल्याखेरीज त्याला लागून दुसरा घालायचा नाही, नाहीतर दोन्ही एकमेकांत उतरतात. शेवटी ट्रे, साचे, लाटणे, वाट्या आणि साखरेने चिकट झालेले टेबल धुवायचे. चाळीसएक बिस्किटांमागे पाच तास सहज मोडतात. ज्यांनी हे काम केले आहे त्या बाया हा अंदाज कमीच आहे असे म्हणतील.

दुकानात तशाच बिस्किटांचा डबा याहून कमी खर्चात मिळतो. पाच तासांची मजुरी धरली तर घरचा माल बाजारात तग धरणार नाही. तरीही तो केला जातो. यावर आमच्या शास्त्रातील कोणी म्हणेल की हे उत्पादन नव्हेच, ही करमणूक आहे, म्हणजेच उपभोग आहे. हा प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. मार्गारेट रीड या अमेरिकन विदुषीने १९३४ साली घरगुती उत्पादनाच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि त्यात एक साधी कसोटी सुचवली. जे काम पैसे देऊन तिऱ्हाइताकडून करवून घेता येते ते उत्पादन होय. जे दुसऱ्याने केले असता त्यातील अर्थच नाहीसा होतो ते उत्पादन नव्हे. माझ्याऐवजी दुसऱ्याने स्वयंपाक केला तरी माझे पोट भरते, पण दुसऱ्याने नाटक पाहिले तर माझी करमणूक होत नाही.

ही कसोटी जिंजरब्रेडला लावून पाहावी. मळणे, लाटणे, भाजणे, धुणे ही कामे तिऱ्हाइताला सांगता येतील. मुलाला मांडीवर घेऊन बिस्किटाच्या माणसाला साखरेची बटणे लावणे मात्र कोणावर सोपवता येणार नाही. एकाच पदार्थात श्रम आणि आनंद असे दोन थर आहेत. तेव्हा खरा प्रश्न असा की घरातील कोणाच्या वाट्याला कोणता थर येतो? नाताळची छायाचित्रे पाहिली तर सजावटीच्या टेबलाभोवती अवघे कुटुंब हसत बसलेले दिसते. धुण्याच्या मोरीजवळचे छायाचित्र कोणी काढत नाही.

जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२२ मध्ये कालवापराची पाहणी केली. तीनुसार स्त्रिया आठवड्याला सुमारे ३० तास बिनपगारी काम करतात, तर पुरुष सुमारे २१. आपल्या देशाच्या २०१९ च्या अशाच पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला २९९ मिनिटे वेळ त्यात जातो असे आढळले. ज्या थोड्या पुरुषांनी असे काम केले त्यांची सरासरी ९७ मिनिटे भरली. जर्मन पुरुषांकडे पाहून आपल्याला फुशारकी मारण्यासारखे काही नाही, एवढे तरी या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात यातील काय धरले जाते? संयुक्त राष्ट्रसंघाच्या मान्य पद्धतीनुसार घरच्या वापरासाठी गहू पिकवला, मध काढला, इतकेच काय पण जात्यावर पीठ दळले तरी ते तत्त्वतः उत्पादनात धरायचे असते. पण त्या पिठाचे घरच्यांसाठी खाणे शिजवले की हिशेबाची वही मिटते. जात्यापाशी बसलेली बाई उत्पादक ठरते. तीच उठून भट्टीपाशी गेली की ती अर्थव्यवस्थेतून अंतर्धान पावते. पिगू याने १९२० च्या सुमारास दाखवून दिले होते की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर राष्ट्रीय लाभांश घटतो. वर्गात हे उदाहरण सांगितले की हशा पिकतो, परीक्षेत प्रश्नही येतो, आणि बाब तेथेच राहते. खाटीक आणि पाववाला आपल्या भल्यासाठी नव्हे तर स्वतःच्या हितासाठी आपल्याला अन्न पुरवतात असे १७७६ मध्ये लिहिणारे अॅडम स्मिथ तो ग्रंथ लिहिताना कर्कॉल्डीत आपल्या आईकडे राहत होते. त्या घरच्या स्वयंपाकाचा उलगडा स्वहिताच्या सूत्राने होत नाही.

मग या कामाला बाजारभावाने पैसे मोजावेत काय? मला हा उपाय पटत नाही. पैशात मोजले की प्रत्येक गोष्ट समजते असे मानणे हा आमच्या शास्त्राचा जुना आजार आहे, आणि त्यावर त्याच आजाराचे औषध देणे बरे नव्हे. नॉर्वेतील बर्गन शहरात १९९१ पासून दर नाताळात जिंजरब्रेडचे एक अवघे नगर उभारतात. बालवाड्या, शाळा, कुटुंबे, व्यवसाय आपापली घरे भाजून आणतात. २००९ साली समाजकंटकांनी ते नगर उद्ध्वस्त केले. गावकऱ्यांनी पुन्हा भट्ट्या पेटवल्या आणि अल्पावधीत ते पुन्हा उभे केले. बर्गनच्या त्या दिवसांचा हिशेब मजुरीच्या दराने मांडला तर जो आकडा येईल, तो बरोबर असूनही निरर्थक असेल. तासांची मोजदाद मात्र वेगळी गोष्ट आहे. कोण किती वेळ उभे राहिले, हे सांगायला पैसा लागत नाही.

आपल्याकडे गोव्यात ख्रिस्ती घरांतून नाताळात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कुलकुल असा फराळ होतो आणि त्याची ताटे शेजारच्या घरी जातात. शेजारच्या हिंदू घरातून चवथीला नेवऱ्यांचे ताट उलट दिशेने आलेले असते. बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजून मगच पुढचा ओतावा लागतो, आणि तेवढा वेळ कोणीतरी तेथून हलू शकत नाही. ताटावर झाकलेल्या विणलेल्या रुमालाचे कौतुक होते, आतल्या पदार्थाची चव विचारली जाते. निखाऱ्यापाशी किती तास बसलात, हे मात्र कोणीच विचारत नाही.