चाल यंत्राची, निर्णय माणसाचा

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. त्यामुळे भारतातून फोन आला की ‘आता गाणीही एआयच करणार का रे?’ हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तर असं : चाल ते बांधेल, पण कोणासाठी आणि कशासाठी, हे माणसालाच ठरवावं लागेल.

एआय असंख्य ध्वनिमुद्रणांवरून कोणत्या सुरामागून कोणता सूर येतो, याचा अंदाज बांधायला शिकतं. ‘पावसावर भावगीत कर’ म्हटलं की काही क्षणांत गाणं तयार! गोड लागतं, पण बहुतेकदा आधी ऐकल्यासारखं.

२०२३ मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ आलं. जॉन लेननच्या जुन्या कॅसेटवर पियानोत दबलेला त्याचा आवाज यंत्राने वेगळा काढला. गाणं पुरं केलं ते पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार यांनी. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने आणले, कुटुंबीयांची परवानगी घेऊन, मानधन देऊन. त्याच वर्षी अरिजित सिंगच्या आवाजाची विनापरवानगी नक्कल करायला मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई केली. तंत्र तेच, फरक संमतीचा.

खरी धास्ती आहे छोट्या कामांची. जाहिरातीची धून, मालिकेचं पार्श्वसंगीत यांवरच नवे संगीतकार उभे राहतात. ही कामं यंत्राकडे गेली, तर ते शिकणार कुठे? म्हणून इथल्या मंडळांना सुचवावंसं वाटतं : गणेशोत्सवाचं गाणं एआयकडून करून घेण्याआधी आपल्यातल्या पेटी-तबला शिकणाऱ्या मुलांना विचारा. थोडं बेसूर झालं तरी चालेल, आपलं असेल.