मुक्त नियतकालिके : खर्च कोणाचा, परीक्षा कोणाची?

वैद्यांची विविध शास्त्रे लोकांत प्रचलित असतात, म्हणून अध्ययनापूर्वी शास्त्राचीच परीक्षा करावी, असा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात आहे. संगणकावर विनामूल्य वाचता येणाऱ्या, म्हणजेच मुक्त, संशोधन-नियतकालिकांनाही तो तंतोतंत लागू पडतो.

नेरळसारख्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्यास अशी नियतकालिके हाच ग्रंथालयाचा पर्याय. परंतु वाचकास विनामूल्य मिळणाऱ्या अंकासही संपादन, मांडणी व जतन यांचा खर्च असतोच. तो लेखक, संस्था किंवा वर्गणीदार यांपैकी कोणीतरी सोसतो.

नेरळ ज्या मुंबई-पुणे लोहमार्गावर आहे, त्याच्या दोन्ही टोकांस या विषयाचे धडे मिळतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अध्यापकांचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ मध्ये सुरू झाले व २००१ मध्ये संकेतस्थळावर मुक्त झाले. त्या काळी लेखकांकडून शुल्क न घेता, छापील अंकाच्या वर्गणीचा आधार घेऊन त्याने आपला व्याप सांभाळला. विकसनशील देशातही हे साधते, हे त्यातून दिसले.

लेखकाच्या शुल्कावर चालणाऱ्या नियतकालिकात मात्र एक धोका संभवतो. लेख नाकारणे म्हणजे उत्पन्न गमावणे. म्हणून तज्ज्ञपरीक्षण नाममात्र उरू शकते. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेली १००९ नियतकालिके तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली, असे त्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने २०१९ मध्ये 'केअर' सूची आली. तीही २०२५ मध्ये बंद झाली. आता निवडीची जबाबदारी संस्थांवर व लेखकांवर आहे.

शुल्क घेणे हा स्वतः दोष नव्हे. ते लपविणे हा दोष होय. म्हणून लेख पाठविण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात : शुल्क आधीच स्पष्ट सांगितले आहे काय? संपादक मंडळातील व्यक्तींना आपले नाव तेथे असल्याचे ठाऊक आहे काय? परीक्षकांचे लेखी अभिप्राय मिळतात काय? २००३ मध्ये सुरू झालेल्या 'डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स' या सूचीत नाव आहे काय? दोन-चार दिवसांत स्वीकृतीची हमी मिळाल्यास सावध व्हावे.

एखाद्या भस्माच्या मात्रेविषयी अपरीक्षित लेख छापला गेला, तर त्याचे फळ रुग्णास भोगावे लागते आणि दोष आयुर्वेदास लागतो. म्हणून ही परीक्षा वैद्याच्या कर्तव्याचाच भाग मानावी.