‘कॉमन’ नावाची अडगळ

नाशिकच्या गंगापूर रोडवर अशोक स्तंभापासून आनंदवल्लीपर्यंत दुकानांच्या वरच्या मजल्यांवर वेबसाइट आणि ॲप बनवणारी छोटी ऑफिसं आहेत. पाच-दहा माणसं, आणि कामं म्हणजे कुणाचं हॉटेल बुकिंग, कुणाच्या क्लासची फी-पावती, कुणा द्राक्ष निर्यातदाराचं स्टॉक रजिस्टर. अशा ऑफिसातला दोन-तीन वर्षं जुना प्रकल्प उघडा आणि रुपयांच्या आकड्यात स्वल्पविराम टाकणारं फंक्शन शोधा. बहुतेक वेळा एकाच्या जागी तीन सापडतात. तिन्हींची नावं वेगळी, आणि आकडा दहा लाखांच्या वर गेला की त्यातलं एखादं गडबडतं. मग मीटिंग बसते आणि ठरतं की आपली फोल्डरची रचना चुकली. माझ्या मते हे निदानच बहुतेकदा चुकलेलं असतं. पुन्हा वापरायचा कोड कुठे ठेवावा याबद्दल काही समजुती इतक्या पक्क्या बसल्या आहेत की त्या एकेक करून उकललेल्या बऱ्या.

गैरसमज : आधी फोल्डरची आदर्श रचना ठरवा, मग कोड लिहा.

रिॲक्टच्या जुन्या अधिकृत दस्तऐवजात याबद्दल सरळ सल्ला होता: प्रकल्प नवा असेल तर रचना ठरवण्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका, आणि फोल्डरच्या पोटात फोल्डर तीन-चार पातळ्यांपुढे नेऊ नका. कारण साधं आहे. पहिल्या आठवड्यात कुठला तुकडा पुन्हा लागणार हे कुणालाच माहीत नसतं.

तरीही नव्या प्रकल्पात ‘कंपोनंट्स’, ‘हुक्स’, ‘सर्व्हिसेस’, ‘हेल्पर्स’ अशी रिकामी फोल्डर आधी तयार होतात. ही विभागणी कोडच्या जातीवरून केलेली. बुकिंगच्या पानात एक बदल करायचा तर चार फोल्डरांत हिंडावं लागतं, कारण एकाच कामाचे तुकडे चार ठिकाणी विखुरलेले. दुसरी पद्धत विषयावरून मांडायची: ‘बुकिंग’, ‘पावती’, ‘ग्राहक’. त्या त्या विषयाचं बटण, फॉर्म, हिशोब, चाचणी सगळं एकत्र. प्रकल्प तीन पानांचा असेल तर यातली कुठलीही चालते. तीस पानांचा झाला की दुसरीच टिकते.

यामागचा विचार डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका शोधनिबंधात मांडला होता, वेब जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. त्यांनी एकच छोटा प्रोग्रॅम दोन प्रकारे तोडून दाखवला. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, आणि एकदा पुढे बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून. दोन्ही प्रोग्रॅम चालले. बदल करायची वेळ आली तेव्हा दुसरा सोपा गेला. म्हणजे कोड कुठे ठेवायचा हे ठरवताना विचारायचा प्रश्न असा: हा तुकडा कशामुळे बदलेल, आणि त्याच वेळी आणखी काय काय बदलेल? जे एकत्र बदलतं ते एकत्र ठेवा.

गैरसमज : एखादी गोष्ट दोनदा लिहिली गेली की ती ‘कॉमन’मध्ये हलवायची.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. ‘तेच ते पुन्हा लिहू नका’ हे तत्त्व अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांच्या १९९९च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’मुळे घराघरांत, निदान ऑफिसाऑफिसांत, पोचलं. पण त्यांचा मुद्दा ओळींच्या साम्याचा नव्हता. प्रत्येक माहितीला, प्रत्येक नियमाला, प्रणालीत एकच अधिकृत जागा असावी, असं ते सांगत होते. ओळी सारख्या दिसणं आणि नियम एकच असणं यांत मोठा फरक आहे.

याच रस्त्याच्या टोकाला, गंगापूर-सावरगावच्या बाजूला, द्राक्षमळे आणि वाइनरी आहेत. काहींकडे राहायच्या खोल्याही. अशा ठिकाणाचं बिल करायचं आहे असं धरा. खोलीची रक्कम गुणिले कराचा दर. वाइनच्या बाटलीची रक्कम गुणिले कराचा दर. दोन्ही ओळी हुबेहूब. उत्साही मुलगा त्यांचं एक ‘करमोजणी’ फंक्शन करून ‘कॉमन’मध्ये टाकतो आणि वरिष्ठ त्याची पाठ थोपटतात. पण खोलीवर जीएसटी लागतो, आणि पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट आणि उत्पादन शुल्क. एकाचा निर्णय जीएसटी परिषदेत होतो, दुसऱ्याचा मंत्रालयात. २२ सप्टेंबर २०२५ला दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तोही इनपुट क्रेडिटशिवाय. बाटलीच्या कराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. एकत्र केलेल्या फंक्शनात मग ‘जर खोली असेल तर’, ‘जर बाटली असेल तर’, ‘जर तारीख अमुक नंतरची असेल तर’ अशा अटी साचत जातात, आणि वर्षभरात त्याला हात लावायला कुणी धजावत नाही.

याच्या उलटही घडतं. खोलीचा दर बुकिंगच्या पानावर एकदा, पावतीत एकदा आणि मासिक अहवालात एकदा लिहिलेला असेल, तर तिथे ओळी वेगळ्या दिसल्या तरी नियम एकच आहे. तो एका जागी आणायलाच हवा. त्या सप्टेंबरात ज्यांच्याकडे तो तीन ठिकाणी होता, त्यांना हे सांगायची गरज नाही.

व्यवहारात उपयोगी पडतो तो तीनचा नियम. मार्टिन फाउलर यांनी ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकात तो डॉन रॉबर्ट्स यांच्या नावावर नोंदवला आहे: दुसऱ्यांदा लिहावं लागलं तर सोसा, तिसऱ्यांदा आलं की वेगळं काढा. तिसरी जागा दिसेपर्यंत खरं साम्य कशात आहे ते कळत नाही. आणि तयार, तपासलेला कोड नव्या जागी नेला म्हणजे तो तिथेही बरोबरच, असंही नाही. ४ जून १९९६ला एरियान-५ हे युरोपचं रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. दिशादर्शनाच्या यंत्रणेतला कोड एरियान-४वरून आणलेला होता आणि तिथे तो बिनतक्रार चालला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. कळस म्हणजे हिशोबाचा तो भाग उड्डाणानंतर एरियान-५ला लागतच नव्हता.

गैरसमज : कोड सापडत नाही, कारण तो विखुरलेला आहे.

गंगापूर रोडवर घर शोधणारा माणूस सर्व्हे नंबर वाचत फिरत नाही. जेहान सर्कल विचारतो, तिथून पुढे दुसरी गल्ली. कोड शोधणाराही फोल्डरच्या झाडावरून चढत-उतरत नाही, नाव टाकून शोधतो. म्हणून तुकडा न सापडण्याचं खरं कारण बहुधा नाव असतं. ‘हेल्पर’, ‘मॅनेजर’, ‘युटिल्स-२’ ही नावं शोधणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. ‘कॉमन’चं तेच. त्यात काय आहे हे नावावरून कळत नाही, म्हणून कुणी आत बघत नाही, म्हणून प्रत्येक जण नवं लिहितो आणि तेही तिथेच टाकतो. ‘रुपये-लाख-कोटीत-दाखवा’ असं लांबलचक नाव कानाला बरं वाटणार नाही, पण नवा माणूस ‘रुपये’ किंवा ‘कोटी’ टाइप करेल तेव्हा ते समोर येईल.

बाकी साधनं हाताशी आहेतच. एडिटरमध्ये व्याख्येवर उडी मारता येते, वापर कुठे कुठे झाला ते एका कळीवर दिसतं; ‘गिट ग्रेप’ अख्खा प्रकल्प चाळतो, आणि ‘गिट लॉग’ला मोठ्या एसचा पर्याय दिला की एखादा शब्द कोडमध्ये कधी आला नि कधी गेला तेही सांगतो. बटणं, तक्ते, तारखेचे चौकोन अशा दिसणाऱ्या भागांसाठी स्टोरीबुक आहे: प्रत्येक तुकडा वेगळा काढून चालता दाखवणारं दालन. २०१६ साली ते श्रीलंकेतल्या कदीरा या छोट्या कंपनीतून बाहेर आलं.

गैरसमज : स्वतंत्र पॅकेज केलं म्हणजे काम व्यावसायिक झालं.

सुट्या भागांच्या कारखान्याचं स्वप्न डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथल्या नाटो परिषदेत मांडलं. जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं भांडार एनपीएम हे त्याचं आजचं रूप, फायद्यांसकट आणि धोक्यांसकट. २२ मार्च २०१६ला ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर अप्रत्यक्षपणे टेकलेले जगभरचे प्रकल्प काही तास उभेच राहिनात. आठ माणसांच्या ऑफिसने स्वतःच्या बटणाचं पॅकेज केलं तर आवृत्ती वाढवणं, प्रसिद्ध करणं, प्रत्येक प्रकल्पात ती नवी घेणं हे सगळं गळ्यात पडतं. तीन ग्राहकांकडे तीन आवृत्त्या चालू राहतात. गूगलसारख्या कंपनीनेही आपला बहुतेक कोड एकाच रिपॉझिटरीत ठेवला, २०१५मध्ये सुमारे दोनशे कोटी ओळी. प्रकल्प एकमेकांशी खरंच जोडलेले असतील तर एनपीएमच्या वर्कस्पेसेसमध्ये शेजारी-शेजारी ठेवून काम भागतं.

आणि काही तुकडे लिहायचेच नसतात. स्वल्पविरामाचं ते फंक्शन ब्राउझरमध्ये आधीपासून आहे. ‘इंटल नंबरफॉरमॅट’ला ‘एन-आयएन’ दिलं की लाख-कोटीची मांडणी मिळते. ‘एमआर-आयएन’ दिलं की तीच देवनागरी अंकांत, १२,३४,५६७ अशी.

राहता राहिली एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट, जी फोल्डरच्या सगळ्या चर्चांपेक्षा जास्त रात्री खाते. ऑफिसातले लॅपटॉप विंडोजचे आणि सर्व्हर लिनक्सचा. विंडोज फाइलच्या नावात मोठं ‘एच’ आणि छोटं ‘एच’ यांत सहसा भेद करत नाही; लिनक्स करतो. त्यामुळे ‘हेडर’चा तुकडा टेबलावर बिनबोभाट सापडतो आणि सर्व्हरवर ‘फाइल नाही’ म्हणून बिल्ड पडतो. नुसतं अक्षर बदलून फाइल जतन केली तर विंडोजवरच्या गिटला तो बदल बहुधा दिसतही नाही. नाव ‘गिट एमव्ही’नेच बदला, आणि फाइलची सगळी नावं लहान अक्षरांत ठेवायचं पहिल्याच दिवशी ठरवून टाका.