‘क्रॅश’ म्हणजे नेमकं काय झालं?

आजचा शब्द आहे ‘क्रॅश’.

१२ मे २०२२ च्या रात्री रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावर राज्य सरकारचं हेलिकॉप्टर कोसळलं. सरावाचं उड्डाण होतं. दोन्ही वैमानिकांचा जीव गेला. बातम्यांमध्ये शब्द होता ‘क्रॅश’. त्याआधी २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्क्यांनी घसरला, तेव्हाही शब्द ‘क्रॅश’च होता. एकीकडे माणसं गेली, दुसरीकडे पैसा. शब्द मात्र एकच!

इंग्रजीत हा शब्द आवाजावरून आला. आपल्याकडे फांदी काडकन मोडते, काच खळकन फुटते, तसाच. आधी तो मोडण्या-आदळण्यापुरता होता, मग अर्थ पसरत गेला.

कॉम्प्युटर ‘क्रॅश’ होतो, म्हणजे चालता चालता अचानक बंद पडतो. बहुतेक वेळा आत काही फुटलेलं नसतं. पुन्हा सुरू केला की चालतो. हार्ड डिस्कचा ‘हेड क्रॅश’ मात्र खरोखरची धडक असते. माहिती वाचणारं टोक फिरत्या तबकडीला घासतं आणि साठवलेली माहिती जाऊ शकते.

‘क्रॅश कोर्स’मध्ये तर काहीच मोडत नाही. तिथे अर्थ आहे थोड्या दिवसांत उरकलेला अभ्यास. ‘क्रॅश डाएट’ म्हणजे झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार. आणि तरुण मुलं म्हणतात, ‘आज तुझ्याकडे क्रॅश होतो’, तेव्हा त्यांना फक्त पथारी पसरायची असते!

आता समजा, रायपुरातल्या नातवानं नागपूरच्या आजीला फोनवर सांगितलं, ‘आजी, सगळं क्रॅश झालं.’ गाडी धडकली, पैसे बुडाले की लॅपटॉप बंद पडला? उत्तर मिळेपर्यंत आजीच्या पोटात गोळा!

मराठीत यासाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत. विमान कोसळतं, गाडी धडकते, भाव गडगडतात, यंत्र बंद पडतं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, घाबरायचं की नाही.

‘क्रॅश’ हा शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. तो आता आपल्यातलाच झाला आहे. फक्त वाईट बातमी सांगताना आधी सांगा, माणसं सुखरूप आहेत का. मग काय कोसळलं, बुडालं की बंद पडलं, ते सांगा.