गोचिडाची धास्ती आणि डोंगराची ओढ

मराठीत गोचिडाला मान आहे तो चिकटपणाच्या उपमेपुरता. घरातून हलायचे नाव न घेणाऱ्या पाहुण्याला आपण खुशाल गोचीड म्हणतो. खरा गोचीड मात्र गोठ्यातला, त्याची चिंता गुरेवाल्यांनी करावी! पण सुट्टीच्या पहाटे संत तुकाराम नगरातून भंडारा डोंगराकडे किंवा लोहगडाकडे निघणाऱ्या आमच्या मंडळींत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. गवतात गोचीड चावला तर?

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. प्रथम पीतज्वराचा संशय आला. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, हा नवाच विषाणू असल्याचे शोधून काढले. तो पसरतो गोचिडांमार्फत. हाच माकडताप. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात दिसला.

गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. कोळ्याच्या कुळातला हा जीव गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहतो. माणसाला बहुधा चावते ते तिळाएवढे पिलू, आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या भटकंतीचा. चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप, डोकेदुखी, अंग पिळवटणारी कळ, कधी रक्तस्राव. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. खास औषध नाही.

म्हणून आंबोली-तिलारीचा बेत रद्द करावा का? मुळीच नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, कीटकरोधक मलम लावावे, पाचोळ्यावर लोळू नये. परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कानामागे, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे तपासावे. गोचीड सापडलाच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. काडीचा चटका, रॉकेल, तेल हे उपाय नकोत. पुढे ताप आलाच तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपल्या धास्तीवर एवढा उतारा पुरतो. ज्यांना तो पुरत नाही, त्यांचा विचार मला जास्त छळतो. काजूच्या बागेत बिया वेचणारी बाई, सरपणाला जाणारा म्हातारा, गुरांमागचा पोर यांना जंगल रोजचेच; हंगाम टाळणे म्हणजे मजुरी बुडवणे. आपण तिथे हौसेने जातो, ते पोटासाठी. त्यांच्यासाठी आपल्याला एक गोष्ट मात्र करता येते. वाटेत मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता, हात न लावता वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. माकडताप आल्याची पहिली वर्दी बहुधा तेच देते. ती वेळेवर पोहोचली, तर पुढचा ताप कुणाच्या तरी दारातून परतेल.