वैशाखातील अणुव्रत

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणात आठवले जातात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जिवाला जखडणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. सुसंस्कृत घरात हे जाणूनबुजून होत नाही. परंतु उन्हाळ्यात निव्वळ दुर्लक्षानेही यांतील काही दोष घडतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. सकाळी सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी उन्हात सापडतो, कारण सावली सरकते, साखळी सरकत नाही. त्यातच पाण्याचे भांडे लवंडले, की बंध आणि अन्नपाननिरोध एकाच वेळी घडतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरील व श्वासमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनानेच तो शरीर थंड राखतो. म्हणून चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींना धोका अधिक. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचे तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

गोठ्यातही हीच दक्षता हवी. राहुरी, संगमनेर, कोपरगाव परिसरातील संकरित गाईंमध्ये थंड प्रदेशातील होल्स्टीनचा अंश असतो. म्हशीची कातडी काळी आणि घर्मग्रंथी कमी, त्यामुळे तिलाही ऊन सोसत नाही. पत्र्याच्या छपरावर उसाचे पाचट पसरावे, पाणी दिवसभर उपलब्ध ठेवावे, चारा सकाळी लवकर व सायंकाळी द्यावा. ओझ्याच्या जनावरांसाठी तर १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. तापमान ३७ अंशांवर गेल्यास दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यांना कामाला जुंपण्यास मनाई आहे.

सतत धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या ही कुत्र्यातील उष्माघाताची लक्षणे होत. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ वर गेल्यास प्राण धोक्यात येतात. अशा वेळी जनावरास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि पंख्याचा वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये; त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीत असल्यास थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात पाणी ओतू नये. हे उपचार चालू असतानाच पशुवैद्यकास बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

पांजरपोळास दिलेले दान हे पुण्यकार्यच आहे. तथापि दाराशी बांधलेल्या जिवाचा भार दानाने फिटत नाही. भर दुपारी एकदा उठून सावली कोठवर सरकली आणि भांड्यात पाणी किती उरले हे पाहणे, हेही त्या अणुव्रताचेच पालन होय.